निर्णयसहाय्य साधने (द्राक्षशेती)

माणसाच्या विचाराला बळ देणारी, पण निर्णय त्याच्याच हाती ठेवणारी साधने. या विचाराची एक ठळक मांडणी संगणक-संशोधक डग्लस एंगेलबार्ट यांनी १९६२मध्ये अमेरिकेत केली. नाशिक जिल्ह्यातल्या निफाड-दिंडोरी पट्ट्यात अशा साधनाची परीक्षा ऑक्टोबर छाटणीनंतर होते. रोज पहाटे प्रश्न एकच असतो: आज फवारणी घ्यायची का?

पोंगा (डोळे फुटणे) ते फुलोरा या काळात धास्ती केवडा या रोगाची, म्हणजे डाऊनीची. दमट रात्री पानाच्या खालच्या बाजूला पांढरी वाढ होते आणि तिथून सुटलेल्या बीजाणूंना रुजायला पानावर पाणी लागते. तापमान २० ते २५ अंश असेल तर दोन-तीन तासांचा ओलावाही पुरतो. भुरी या दुसऱ्या रोगाला असे पाणी लागत नाही. म्हणून दोन्ही रोगांची जोखीम एकाच आकड्यात मिसळणारे साधन बिनकामाचे.

बिघाड बहुधा गणितात नसतो, मोजणीत असतो. पान-ओलावा सेन्सर बांधावरच्या खांबावर लावला की वाऱ्या-उन्हाने लवकर सुकतो. आतल्या पानांवर मात्र दव टिकून असते. सेन्सर वेलीच्या पानोऱ्यात, पानाच्या उंचीवर, तिरपा बसवावा. त्यावर फवारणीचा थर आणि धूळ साचते, तेव्हा तो नियमित पुसावा. बसवल्यावर काही दिवस पहाटे पानाला हात लावून 'ओले-कोरडे' लिहून ठेवावे आणि सेन्सरच्या नोंदीशी ताडून पाहावे. पर्जन्यमापकात पालापाचोळा अडकला तर पाऊस शून्य दिसतो, आणि तो शून्य खराच वाटतो.

पडद्यावर नुसते 'फवारा' येऊ नये. ओलाव्याचे तास, रात्रीचे तापमान, मागच्या फवारणीला झालेले दिवस, त्यानंतरचा पाऊस आणि औषधाच्या लेबलवरील काढणीपूर्व कालावधी (शेवटची फवारणी ते काढणी यांत सोडायचे दिवस) एका नजरेत दिसावा. एखादे मोजमाप बंद असेल तर जुना आकडा न दाखवता ती जागा रिकामी ठेवावी.

खरी अडचण इशाऱ्याच्या उंबरठ्याची, म्हणजे किती जोखमीला इशारा द्यायचा याची. एका संसर्गाचा इशारा हुकला तर घड जातात, एक फवारणी जास्त झाली तर औषध आणि मजुरी जाते. त्यामुळे रचनाकार उंबरठा खाली ठेवतात, इशारे रोजचे होतात आणि बागायतदार मोबाइल बघणेच सोडतो. उलट टोकही आहे: यंत्र गप्प म्हणून पानावरचा केवड्याचा तेलकट डाग दिसूनही फवारणी टळते. यावर साधा उपाय म्हणजे यंत्राचा सल्ला उघडण्याआधी बागायतदाराने स्वतःचा अंदाज नोंदवायचा. हंगामाअखेर दोन्ही रकाने शेजारी ठेवले की कोण कुठे चुकतो ते कळते. ही सोय करायला खर्च नगण्य येतो, तरी ती पहिल्यांदा गाळली जाते.