हे भांडून राहिले की खेळून राहिले?

डिसेंबरातला रविवार. तर्री पोहे हाणून नागपूरच्या महाराजबागेत, म्हणजे प्राणिसंग्रहालयात शिरलो, तरी भाच्याच्या कानावरचा मफलर काही सुटला नव्हता. माकडांच्या पिंजऱ्यापाशी तो ओरडला, "मामा, पहा, हे भांडून राहिले!"

दोन पिल्लं होती. धाकट्यानं थोरल्याची शेपटी ओढली. थोरलं आपणहून उताणं पडलं, धाकट्याला पोटावर घेतलं आणि त्याचा कान तोंडात धरला. चावा मात्र नाही. जबडा उघडा, ओठ सैल. मिनिटाभरात धाकटं खाली, थोरलं वर. भांडणात असा डाव कोणी देत नाही. दांडग्यानं मुद्दाम कच्चं खेळणं ही खेळाची पक्की खूण. कुत्री पुढचे पाय पसरून, बूड वर करून आधीच सांगतात, की आता जे होईल ते खोटं खोटं.

गॉर्डन बर्गहार्ट या अमेरिकी शास्त्रज्ञानं २००५ साली खेळ ओळखायच्या पाच कसोट्या मांडल्या. तात्काळ उपयोग नसलेली, आपखुशीनं केलेली, खऱ्या कृतीपेक्षा वेगळी, पुन्हा पुन्हा पण साचेबंद न होणारी आणि निवांतपणी घडणारी कृती म्हणजे खेळ. पिंजऱ्यात ठरावीक रेषेवर येरझारा घालणारा बिबट्या चौथ्या कसोटीलाच बाद होतो. त्याला बघून लोक 'मस्तीत आहे' म्हणतात, तेव्हा मला वाईट वाटतं.

निवांतपणाची अट आपल्या नागपूरकरांना समजवायला नको. मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकला की जनावर सावली धरून धापा टाकतं. खेळायला उरते कुठली ताकद? केनियातल्या अंबोसेलीत व्हर्वेट माकडांची पिल्लंही कोरड्या दिवसांत कमी खेळतात. म्हणून प्राणी बघायला थंडीची सकाळच बरी.

पण पाणमांजरं या अटीला बधत नाहीत. छोट्या नखांची आशियाई पाणमांजरं पंजांत गोटे झेलतात. इंग्लंडमधल्या संशोधकांना २०२० मध्ये दिसलं, की भूक लागल्यावर ती जास्तच झेलतात. बरं, हा हातखंडा संशोधकांनी दिलेल्या डब्यातला खाऊ काढायच्या कामीही येत नाही! मग खेळ कशासाठी? शिकारीचा सराव, पडल्या-घसरल्यावर सावरण्याची तालीम, की नुसती मजा? बहुधा प्राण्यागणिक उत्तर वेगळं.

तेवढ्यात गाजरं आली. थोरल्यानं धाकट्याच्या हातातलं हिसकलं, दात विचकले. धाकटं किंचाळत आईच्या पोटाशी घुसलं.

"मामा, आता खरं," भाचा हळूच म्हणाला.