तुर्की म्हणजे अरबीचीच बहीण?

‘तुर्की ही अरबीचीच बोली, फक्त लिपी बदलली,’ असं आपल्याकडे बरेचदा ऐकू येतं. ते खरं नाही. अरबी सेमिटिक कुळातली, हिब्रूची नातेवाईक. तुर्की तुर्किक कुळातली. तिची सख्खी नाती अझरबैजानी, उझबेक, कझाक यांच्याशी.

गैरसमज होतो तो शब्दांमुळे. किताप, कलेम, दुन्या, हावा, जेवाप, वेकिल... मराठी माणसालाही हे शब्द ओळखीचे, कारण अरबीतले हे शब्द फारसीमार्गे आपल्याकडेही आले. म्हणून मराठी काही अरबी ठरत नाही! १९२८ साली तुर्कस्तानने अरबी लिपी सोडून लॅटिन घेतली, १९३२ मध्ये स्थापन झालेल्या भाषामंडळाने अरबी शब्दांना पर्याय घडवले. ‘मेक्तेप’ जाऊन ‘ओकुल’ (शाळा) आलं. किताप मात्र टिकलं.

खरा फरक व्याकरणात आहे. अरबीत ‘किताब’चं अनेकवचन ‘कुतुब’, म्हणजे शब्द आतूनच बदलतो. तुर्कीत नुसतं शेपूट लागतं: कितापलार. ‘एव’ म्हणजे घर, एवलेर घरं, एवलेरिमिझ आमची घरं, एवलेरिमिझदे आमच्या घरांमध्ये. लार की लेर, हे आधीच्या स्वराच्या जातीवर ठरतं: ‘आ’च्या जातीचा असेल तर लार, ‘ए’च्या जातीचा असेल तर लेर. गंमत म्हणजे अरबीतून आलेला ‘साआत’ (तास, घड्याळ) हा नियम मोडतो: साआतलार नाही, साआतलेर. परका पाहुणा तिथे पकडला जातो.

शिवाय तुर्कीत लिंगभेद नाही, क्रियापद मराठीसारखं शेवटी. अरबी येत असेल तर शब्दसंग्रहाला हातभार लागेल, पण वाक्य रचताना तिचा उपयोग जवळपास शून्य. तिथे मराठीच जास्त कामी येते.