कैदी दुसऱ्या जेलला वर्ग झाला, कागद मागंच राहिले: पार्श्वभूमी

रत्नागिरीत थिबा पॅलेस माहीत नाही असा माणूस सापडणार नाही, पण त्या ब्रह्मदेशच्या थिबा राजाचं मोठं गाऱ्हाणं काय होतं ते फारसं कोणी सांगत नाही. 1885 च्या नोव्हेंबरात इंग्रजांनी त्याला मंडालेतून उचललं, बोटीनं मद्रासला नेलं आणि 1886 मध्ये इथं रत्नागिरीला आणून ठेवलं. त्या धांदलीत त्याचं न्गामौक नावाचं मोठं माणिक गेलं. राजाचं म्हणणं असं की स्लेडन नावाच्या कर्नलनं ते सांभाळायला म्हणून घेतलं आणि परत दिलंच नाही. रत्नागिरीत बसून त्यानं सरकारकडे तक्रार केली, मागणी केली, माणिक काही आलं नाही, आणि 1916 मध्ये तो इथंच वारला. माणूस एका ठिकाणाहून दुसरीकडे हलवताना त्याची वस्तू मधल्यामध्ये कोणाच्या तरी हातात राहते, हे तेव्हापासूनचं आहे. आज माणिकाच्या जागी कोर्टाचे कागद आहेत एवढाच फरक, आणि आत बसलेल्या माणसाला ते कागद माणकापेक्षा कमी नसतात.

1894 चा तुरुंग कायदा आला तेव्हा वस्तूंची व्यवस्था झाली. कलम 12 प्रमाणे कैद्याकडून घेतलेले पैसे आणि चीजवस्तू यांची नोंद ठेवायची, कलम 25 प्रमाणे त्या जेलरच्या ताब्यात राहणार, आणि दुसऱ्या तुरुंगात हलवायच्या आधी डॉक्टरनं कैद्याला तपासायचं हे कलम 26 मध्ये. म्हणजे अंगठी, घड्याळ, पाकीट यांना रजिस्टर आहे. चार्जशीट, जबाबाच्या नकला, वकिलाची पत्रं हे मात्र कैद्याकडेच बराकीत असतं, उशाला, पिशवीत. ते कोणी त्याच्याकडून घेतलेलंच नसतं, मग रजिस्टरमध्ये येणार कसं? मला तरी सगळ्या घोळाचं मूळ इथंच दिसतं.

कागदांची काळजी कशी वाटते ते आपल्या रत्नागिरीच्याच माणसाच्या बाबतीत बघा. टिळकांनी गीतारहस्याचा खर्डा 1910-11 च्या हिवाळ्यात मंडालेच्या तुरुंगात शिसपेन्सिलीनं लिहिला. 1914 मध्ये ते सुटले तेव्हा वह्या सरकारनं तपासायला ठेवून घेतल्या, त्या परत मिळतील का अशी लोकांना भीती होती. मिळाल्या, आणि 1915 मध्ये ग्रंथ छापून आला. पण मिळाल्या त्या सरकारनं दिल्या म्हणून, मागायचा हक्क असा कुठं लिहिलेला नव्हता.

कैद्याच्या लिखाणाचा हक्क स्पष्ट झाला तोही एका मराठी पुस्तकावरून. प्रभाकर संझगिरी भारत संरक्षण नियमांखाली मुंबईच्या तुरुंगात स्थानबद्ध होते, तिथं त्यांनी अणूवर शास्त्रीय पुस्तक लिहिलं, 'अणूच्या अंतरंगात', आणि हस्तलिखित छापायला बाहेर पाठवायला सरकारनं नकार दिला. हायकोर्टानं परवानगी दिली, राज्य सरकार अपिलात गेलं, 1965 मध्ये सुप्रीम कोर्टानं अपील फेटाळलं. स्थानबद्धतेच्या अटींत ज्याला बंदी नाही ते सरकारला मनानं अडवता येत नाही, असा त्याचा अर्थ.

माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा निकाल 1978 चा, होसकोट विरुद्ध महाराष्ट्र राज्य. हायकोर्टाचा निकाल 1973 चा, आणि माणूस सुप्रीम कोर्टात पोचला चारेक वर्षं उलटून गेल्यावर. का, तर म्हणे निकालाची नक्कलच मिळाली नाही. हायकोर्टानं ती येरवड्याला पाठवली होती, जेल म्हणतं दिली, कैदी म्हणतो मिळाली नाही, आणि मिळाल्याची त्याची सही कुठंच नाही. त्याची याचिका फेटाळलीच गेली, पण न्या. कृष्ण अय्यर यांनी लिहून ठेवलं की निकालाची नक्कल फुकट द्यायची, जेलकडे आली तर ताबडतोब कैद्याला पोचवायची आणि त्याची लेखी पोच घ्यायची. पोच! एवढी साधी गोष्ट, पण ती एका कागदापुरती, निकालापुरतीच राहिली, बाकीच्या गठ्ठ्याला ती कधी लागलीच नाही.

मी वकील, विधी सेवेतून (म्हणजे सरकारी खर्चानं वकील मिळतो त्या) केसेस करतो म्हणून हे इतकं लागून राहिलंय. मागच्या पावसाळ्याच्या तोंडावर माझ्या एका अशिलाला कोकणातल्या एका जेलमधून घाटावरच्या जेलला वर्ग केलं. संध्याकाळी सांगितलं, सकाळी गाडी. त्याची चार्जशीट साडेतीनशे पानांची, धुतलेल्या खताच्या पिशवीत ठेवलेली, वर्षभर वाचून वाचून त्यानं पेन्सिलीनं रेघा मारलेल्या आणि पानांत खुणेला झाडूच्या हीराचे तुकडे घातलेले. एका साक्षीदारानं जबाबात म्हटलेलं की शेवटच्या एसटीनं आठला उतरलो आणि बघितलं, आता ती एसटी गावात साडेनऊच्या आत कधी येत नाही हे त्या गावच्या माणसालाच कळणार, मला कुठून कळणार. गाडीत जागा नाही, पिशवी राहू दे, मागाहून येईल असं त्याला सांगितलं गेलं. ती आली नाही. त्याची आई एसटीनं दोन्हीकडे खेटे घालून आली, इथं म्हणाले पाठवली, तिथं म्हणाले आलीच नाही. कोर्टातून नवीन नक्कल मिळाली, पण तोवर दोन तारखा गेल्या आणि खुणा गेल्या त्या गेल्याच. एसटीची गोष्ट त्याच्या लक्षात होती म्हणून उलटतपासणीत विचारता आली. बाकी काय काय काढून ठेवलं होतं ते त्याला आठवेना.

ट्रान्सफरच्या बाबतीत कायदा अगदीच गप्प आहे असं नाही. 1900 च्या कैदी कायद्याचं कलम 29 हलवण्याबद्दलच आहे, आणि 2012 मध्ये महाराष्ट्र राज्य विरुद्ध सईद सोहेल शेख या केसमध्ये, मुंबईच्या आर्थर रोड जेलमधल्या कच्च्या, म्हणजे खटला अजून चालू असलेल्या, कैद्यांच्या बाबतीत, सुप्रीम कोर्टानं सांगितलं की कच्च्या कैद्याला हलवायचं तर कोर्टाची परवानगी लागते आणि कोर्टानं डोकं लावून ती द्यायची, नुसता शिक्का मारायचा नाही. याचा फायदा असा की हलवण्याआधी निदान एकदा प्रकरण न्यायाधीशासमोर येतं, आणि कागदांचं तिथंच बोलता येतं.

जगातही हे उशिराच सुचलेलं दिसतं. 1955 च्या संयुक्त राष्ट्रांच्या किमान नियमांत कैद्याच्या चीजवस्तूंची यादी करून त्यावर त्याची सही घ्या असं होतं. स्वतःच्या खटल्याचे कागद जेल प्रशासनाच्या हाती न पडता जवळ ठेवता यावेत हा नियम, क्रमांक 53, आला डिसेंबर 2015 मध्ये, त्याच नियमांच्या सुधारलेल्या रूपात, म्हणजे मंडेला नियमांत. म्हणजे वस्तूंनंतर साठ वर्षांनी कागद. आणि तुरुंग हा राज्याचा विषय, त्यामुळे केंद्रानं 2023 मध्ये नमुना कायदा राज्यांना पाठवला तरी कामाचं काय ते राज्याच्याच नियमांवर.

तोवर मी ट्रान्सफरच्या प्रत्येक अर्जाला उत्तर देताना शेवटी एक मागणी घालतो: कागदांची पानांच्या आकड्यासकट यादी करावी, त्यावर कैद्याची आणि गार्डची सही, एक प्रत कैद्याकडे, आणि पिशवी त्याच गाडीतून जावी. काही कोर्टं ती आदेशात घेतात, काही घेत नाहीत.