सिकलसेल: पहिले सहा महिने बाळ ठणठणीत कसं काय?

सिकलसेल असलेलं बाळ जन्मतं तेव्हा अगदी ठणठणीत असतं, घरच्यांना कसलीच शंका येत नाही, आणि मग साधारण सहा महिन्यांनंतर कधीतरी त्याचे हातपाय सुजतात नि ते रडायचं थांबतच नाही. आपल्याकडे विदर्भात आणि नंदुरबारकडे हा आजार बराच आहे. जन्मापासून जीन्समध्ये असलेला आजार सहा महिने गप्प कसा बसतो, मला वाटतं खरी गोम इथेच आहे.

रक्तातलं हिमोग्लोबिन हे प्रोटीन चार साखळ्यांचं असतं, दोन अल्फा, दोन बीटा. बीटा साखळीत १४६ अमिनो अॅसिड माळेतल्या मण्यांसारखी ओवलेली. सिकलसेलमध्ये फक्त सहावा मणी बदलतो, ग्लुटामिक अॅसिडच्या जागी व्हॅलिन येतं, बस्स, आणि तेही डीएनएमधलं एक अक्षर बदलल्यामुळे. पण व्हॅलिनला पाण्याचं वावडं, म्हणून ऑक्सिजन सोडला की ही हिमोग्लोबिनं एकमेकांना चिकटतात, त्यांचे लांब कडक दोरे होतात नि रक्ताची मऊ गोल लाल पेशी विळ्यासारखी वाकडी होते. त्या वाकड्या पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, तिथूनच त्या जीवघेण्या कळा. साधी पेशी १२० दिवस जगते, ही १०-२० दिवसांत संपते.

प्रोटीनच वेगळं आहे हे रसायनशास्त्रज्ञ लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४९ मध्ये दाखवलं, नेमका कुठला मणी ते केंब्रिजमध्ये व्हर्नन इंग्रॅमने १९५७ मध्ये.

गावातल्या कॅम्पमध्ये होणारी पहिली टेस्ट याच चिकटण्यावर चालते. नळीतल्या द्रावणात थोडंसं रक्त टाकतात, मागे काळ्या रेघांचा कागद धरतात. रेघा दिसल्या तर निगेटिव्ह, द्रावण गढूळ होऊन रेघा दिसेनाशा झाल्या तर पॉझिटिव्ह. पण पॉझिटिव्ह म्हणजे पेशंटच असं नाही हो, वाहकही असू शकतो, म्हणजे आईवडिलांपैकी एकाकडूनच बिघडलेला जीन मिळालेला. ते इलेक्ट्रोफोरेसिससारख्या, हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणाऱ्या पुढच्या टेस्टने कळतं. वाहकाला सहसा काही त्रास नसतो, पण नवराबायको दोघंही वाहक असले तर प्रत्येक बाळाला आजाराची शक्यता २५ टक्के, म्हणून लग्नाआधी टेस्ट कराच.

आता त्या सहा महिन्यांचं. पोटातल्या बाळाचं हिमोग्लोबिन वेगळं असतं, त्यात बीटाऐवजी गॅमा साखळी असते, म्हणजे तो बिघडलेला मणीच नाही! जन्मानंतर बीसीएल११ए नावाचं प्रोटीन गॅमाचं काम हळूहळू बंद पाडतं, बीटा सुरू होते, आणि आजार उघड होतो. मग हे बीसीएल११एच गप्प करून गॅमा पुन्हा सुरू केली तर? २०२३ च्या शेवटी ब्रिटन आणि अमेरिकेत मंजूर झालेली कॅसजेव्ही ही क्रिस्पर थेरपी, म्हणजे डीएनएमध्ये नेमक्या जागी काटछाट करणारी, नेमकं तेच करते, पेशंटच्याच रक्त तयार करणाऱ्या मूळपेशी काढून, दुरुस्त करून परत देते. अमेरिकेत किंमत २२ लाख डॉलर, ऐकूनच पोटात गोळा येतो. पण हायड्रॉक्सीयुरियाची आपल्याकडे मिळणारी साधी गोळीसुद्धा हेच बाळपणीचं हिमोग्लोबिन वाढवते, डॉक्टरांच्या सल्ल्याने, मधूनमधून रक्त तपासत नेमाने घेतली तर कळा खरंच कमी होतात.