स्ट्रिंग-स्थिरांक (सी भाषा)

सी भाषेच्या आज्ञावलीत दुहेरी अवतरणचिन्हांत लिहिलेला मजकूर म्हणजे स्ट्रिंग-स्थिरांक होय. पॉइंटरद्वारे (स्मृतीतील पत्ता ठेवणाऱ्या चलाद्वारे) त्यातील एखादे अक्षर बदलू गेल्यास आज्ञावली बहुधा कोसळते. लिनक्सवर जीसीसी हा संकलक (कंपायलर) हा मजकूर सामान्यतः स्मृतीच्या केवळ वाचनीय विभागात ठेवतो आणि तेथे लेखन होताच सिग्नल ११, म्हणजे ‘सेगमेंटेशन फॉल्ट’, येतो.

हा निर्बंध मूळचा नसावा. १९७८ मधील भाषावर्णनात एकसारख्या लिहिलेल्या स्ट्रिंगही परस्परांहून भिन्न मानल्या आहेत. त्यावरून त्या बदलण्याजोग्या अभिप्रेत असाव्यात असे दिसते, आणि तात्पुरत्या फाइलचे नाव बनवताना दिलेला नमुनाच बदलणाऱ्या ‘एमकेटेम्प’ या फंक्शनाला स्थिरांकच नमुना म्हणून देण्याची जुन्या युनिक्समधील रीत त्यास पुष्टी देते. १९८९ च्या आन्सी (अमेरिकी प्रमाणक संस्था) प्रमाणकाने असे लेखन अव्याख्यात, म्हणजे परिणामाची हमी नसलेले, ठरवले, परंतु स्थिरांकाचा प्रकार ‘कॉन्स्ट’ (न बदलता येणारा) केला नाही. काहींच्या मते हा दोष आहे. तथापि आधीच्या आज्ञावल्या निकामी होऊ नयेत, हे कारण अधिक सयुक्तिक वाटते. लेखनाची मुभा देणारा जीसीसीचा पर्याय ४.० या आवृत्तीत (२००५) काढला गेला.

प्रमाणकाने स्थिरांकांना जागा वाटून घेण्याची सवलतही दिली. वैनगंगेकाठच्या गावांची पूरनोंद ठेवणाऱ्या आज्ञावलीत ‘चंद्रपूर’ व ‘पूर’ असे दोन स्थिरांक असले, तर काही लिंकर (संकलित भाग जोडणाऱ्या आज्ञावल्या) दुसऱ्याला स्वतंत्र जागा न देता पहिल्याच्या शेवटच्या भागाचाच पत्ता देतात. तेथे लेखन चालले असते, तर पुराची नोंद दुरुस्त करताना जिल्ह्याचे नावही बदलले असते. विदर्भातील तालुक्याच्या महाविद्यालयांतही परिचित असलेल्या टर्बो सी या संकलकामध्ये, डॉस या जुन्या कार्यप्रणालीला स्मृतिसंरक्षण नसल्याने, अशी चूक पुष्कळदा निमूट खपून जाई.

उपाय म्हणजे पॉइंटरऐवजी ‘चार’ (char, म्हणजे अक्षर) या प्रकारचा ॲरे (सलग घरांची रांग) घोषित करून त्याला स्थिरांकाने आरंभमूल्य देणे. त्यामुळे मजकुराची लेखनयोग्य प्रत मिळते. देवनागरीत मात्र आकार जपावा लागतो: यूटीएफ-८ या अक्षरसंकेतनात ‘चंद्रपूर’ २४ बाइटचे, मजकुराचा शेवट दाखवणाऱ्या शून्यासह २५, तेवढ्याच ॲरेत ‘गडचिरोली’ नेमके बसते, पण ३० बाइटचे ‘ब्रह्मपुरी’ मावत नाही. केवळ वाचायच्या मजकुराचा पॉइंटर ‘कॉन्स्ट चार’ कडे निर्देश करणारा घोषित करावा, म्हणजे थेट लेखन संकलनाच्या वेळीच अडते. ‘स्ट्रटोक’ हे फंक्शन दिलेला मजकूरच तोडते, म्हणून त्याला प्रतच द्यावी.