फ्रेड टेटचे चार चेंडू

फ्रेड टेट इंग्लंडकडून एकच कसोटी खेळला, ऑस्ट्रेलियाविरुद्ध. २४ जुलै १९०२ ला मँचेस्टरच्या ओल्ड ट्रॅफर्डवर ती सुरू झाली, त्या दिवशी त्याचा पस्तिसावा वाढदिवस होता. सामना इंग्लंडने अवघ्या ३ धावांनी गमावला आणि खापर फुटलं ते टेटच्या माथी.

टेट समुद्रकाठच्या ब्रायटन शहरातला. ससेक्स कौंटीच्या (परगण्याच्या) संघाचं मैदान शेजारच्या होव्हला. तिथे टेट १८८७ पासून इमानेइतबारे गोलंदाजी करत होता. १९०२ चा उन्हाळा पावसाळी निघाला, ओल्या खेळपट्टीवर त्याचे ऑफब्रेक (टप्पा पडून उजव्या फलंदाजाच्या आत वळणारे चेंडू) खेळणं मुश्कील झालं आणि त्या हंगामात त्याने १८० बळी घेतले. म्हणजे निवड काही वशिल्याची नव्हती. फक्त त्याच्यासाठी जॉर्ज हर्स्टसारख्या अष्टपैलूला बसवलं, आणि हे लोक विसरले नाहीत.

दुसऱ्या डावात ऑस्ट्रेलियाची दाणादाण उडालेली. कर्णधार डार्लिंग डावखुरा, जोडीदार ग्रेगरी उजवा. डार्लिंग समोर आला तसं लेगला (फलंदाजाच्या पायांकडच्या बाजूला) क्षेत्ररक्षक हवा झाला. गोलंदाज ब्राँडला तिथे त्याच्याच सॉमरसेट कौंटीचा पॅलेरेट हवा होता. इंग्लंडचा कर्णधार मॅक्लारेनने पाठवलं टेटला. ससेक्सकडून स्लिपमध्ये (यष्टिरक्षकाच्या बाजूला) उभा राहणारा हा माणूस सीमारेषेजवळ गेला, डार्लिंगने चेंडू नेमका तिकडेच उंच मारला, आणि झेल सुटला. डार्लिंगने ३७ केल्या, ऑस्ट्रेलियाच्या एकूण ८६.

इंग्लंडला १२४ हव्या होत्या. ९ बाद ११६ वर टेट उतरला तोच पाऊस आला, आणि बिचारा पाऊणएक तास ताटकळला. मग साँडर्सच्या पहिल्याच चेंडूवर बॅटची कड लागून चौकार. चौथ्या चेंडूवर त्रिफळा.

मला खटकतं ते वेगळंच. त्याच सामन्यात त्याचा ससेक्सचा कर्णधार रणजितसिंहजी २ आणि ४ करून परतला होता. रणजींचीही ती शेवटची कसोटी ठरली, पण पराभवाचा हिशेब त्यांच्याकडे कोणी मागितला नाही. ज्याने टेटला त्या जागी धाडलं, त्या मॅक्लारेनकडेही नाही.

‘घरी एक पोर आहे, ते भरपाई करील,’ असं टेट तेव्हा म्हणाला म्हणे. इतकं चपखल वाक्य हरल्या तोंडी कोणाला सुचतं, देव जाणे! पण सात वर्षांचं पोर घरी होतं हे खरं. मॉरिस टेट. १९२४ मध्ये बर्मिंगहॅमला कसोटीतल्या आपल्या पहिल्याच चेंडूवर त्याने बळी घेतला, दक्षिण आफ्रिका ३० धावांत गारद झाली. पुढे कसोटीत त्याचे बळी झाले १५५. १९२६-२७ मध्ये तो एमसीसीबरोबर, म्हणजे इंग्लंडच्या दौऱ्यावरच्या संघाबरोबर, हिंदुस्थानात आला. बॉम्बे जिमखान्यावर सी. के. नायडूंनी १५३ धावा कुटल्या आणि पुण्याच्या प्रा. दि. ब. देवधरांनी १४८ केल्या, तो हाच दौरा. त्यात मॉरिसने हजारावर धावा आणि शंभरावर बळी टिपले. इंग्लंडबाहेरच्या एका हंगामात असा दुहेरी पराक्रम दुसऱ्या कोणाला जमलेला नाही.