रोजनिशी आणि नोंदवही: वर्ष भरलं की कळणारा फरक

रोजनिशी आणि नोंदवही, दोन्ही हौसेनं सुरू होतात. दोन्हींत पानाच्या कोपऱ्यात तारीख येते, दोन्ही रात्री जेवणं उरकल्यावर लिहिल्या जातात आणि बऱ्याच घरांत दोन्ही एकाच दोनशेपानी वहीत नांदतात. आठ-दहा महिने काही बिघडत नाही. वर्ष भरतं, वही पहिल्या पानापासून उघडली जाते, तेव्हा अडचण समोर येते. गेल्या वर्षी तेरडा कधी फुलला होता ते शोधावं तर हाती घरातली बोलाचाली लागते, आणि त्या दिवसांत मन कुठं होतं ते वाचावं म्हटलं तर मध्येच पावसाचे मिलिमीटर येतात.

रोजनिशी वाचायची असते, नोंदवही ताडून पाहायची असते. वही कोणती घ्यावी, तारीख कशी टाकावी, चूक कशी खोडावी, वर्षपूर्तीला काय करावं, हे सगळं त्यावरून ठरतं.

एकच दिवस, दोन पानं

साताऱ्याहून कास पठार साधारण २५ किलोमीटर. सप्टेंबरातल्या एका रविवारची फेरी दोन्हींत कशी उतरेल, त्याचा हा नमुना. आधी रोजनिशी:

"सकाळी कासला गेलो. धुकं असं की पुढचा माणूस दिसेना. तेरडा मात्र धुक्यातही लालबुंद. वहिनींनी भाकरी-ठेचा बांधून दिला होता, तो गाडीतच बसून खाल्ला. दादा सगळा वेळ गप्प. विचारावं की नको, ठरवता ठरवता सातारा आला."

आणि नोंदवही:

"१४-०९-२०२५, रविवार. कास, कुमुदिनी तलावाची वाट. स. ८.१० ते ९.४०. दाट धुकं, रिमझिम. तेरडा ३. सोनकी २. गेंद ३. टोपली कारवी ०. मागची फेरी ३०-०८."

फुलांपुढचे आकडे म्हणजे बहराची खूण: ० कळी नाही, १ नुसत्या कळ्या, २ तुरळक फुलं, ३ भर बहर, ४ ओसरता, ५ बी धरलेलं. ही खूण वहीच्या पहिल्या पानावर एकदा लिहून ठेवायची आणि वर्षभर बदलायची नाही. मध्येच 'बऱ्यापैकी', 'छान' असे शब्द शिरले, की पुढच्या वर्षी त्यांचं काहीही करता येत नाही.

रोजनिशीत दादाचं गप्प राहणं हाच त्या दिवसाचा गाभा आहे. नोंदवहीत त्याला जागा नाही. उलट 'मागची फेरी ३०-०८' हा तुकडा रोजनिशीत कोणी लिहिणार नाही, पण नोंदवहीत त्याचं मोल सगळ्यात जास्त. फूल पहिल्यांदा दिसलं तो दिवस फुलण्याचा नव्हे, पाहण्याचा असतो. आधीच्या फेरीत कळीही नव्हती आणि या फेरीत फूल आहे, तर फुलणं या दोन तारखांच्या मध्ये कुठं तरी झालं. आधीची तारीख नसेल तर ती नोंद एका बाजूनं उघडीच राहते. हौशी नोंदवह्यांत सर्रास आढळणारी ही उणीव आहे.

टोपली कारवीपुढचं शून्यही असंच. ही कारवी सामूहिक बहराला साधारण सात वर्षं घेते. म्हणजे बहुतेक वर्षी तिच्यापुढे शून्यच येणार, आणि ती शून्यं नेमानं लिहिली असतील तरच बहराचं वर्ष खऱ्या अर्थानं नोंदलं जातं. नजरेत भरलं तेवढंच टिपायचं हा रोजनिशीचा हक्क आहे. नोंदवहीत 'दिसलं नाही' हेही तितक्याच निगुतीनं लिहावं लागतं.

शून्य आणि आडवी रेघ

रोजनिशीत चार दिवस सुटले तर काही नुकसान नाही. पाचव्या दिवशी सरळ पुढे लिहावं. सुटलेल्या दिवसांची माफी मागण्यात अर्धं पान घालवायची सवय लागली की वही जड वाटू लागते आणि बंद पडते. म्हणूनच छापील तारखांची डायरी रोजनिशीला आम्ही सुचवत नाही. तिचं प्रत्येक कोरं पान टोचतं, आणि ज्या दिवशी सांगायला तीन पानं असतात त्या दिवशी एकच मिळतं. साधी, बिनतारखेची वही बरी.

नोंदवहीला नेमकं उलटं. तिथे सुटलेला दिवस दिसलाच पाहिजे. पावसाच्या रकान्यात ० म्हणजे मोजलं आणि पाऊस नव्हता. आडवी रेघ म्हणजे मोजलंच नाही. रकाना कोरा सोडला तर दोन्हींपैकी काय, ते चार महिन्यांनी लिहिणाऱ्यालाही आठवत नाही. बेरजेच्या वेळी कोरा रकाना आपोआप शून्य ठरतो आणि महिन्याचा पाऊस कमी भरतो. नोंदवहीसाठी म्हणूनच महिन्याचे ३१ दिवस आधीच आखून घेतलेले बरे.

खोडण्याचंही तसंच. रोजनिशीत पान फाडायचं तर फाडा, ते तुमचं आहे. नोंदवहीत पान फाडायचं नाही, खोडरबर किंवा पांढरी शाई वापरायची नाही. चुकलेल्या आकड्यावर एक रेघ मारायची, जुना आकडा वाचता आला पाहिजे, शेजारी बरोबर आकडा आणि दुरुस्तीची तारीख. कधी कधी पहिलाच आकडा बरोबर निघतो.

सातारकर छत्रपती आणि पेशवे यांच्या ज्या रोजनिश्यांतले उतारे गणेश चिमणाजी वाड यांनी निवडले, त्या या कसोटीला नोंदवह्याच ठरतात. हुकूम, नेमणुका, जमाखर्च. कोणाला काय वाटलं ते त्यात शोधू नये.

पावसाची वही

सातारा जिल्ह्यात नोंदवहीचा छंद धरायचा तर पावसासारखा विषय नाही. महाबळेश्वरला वर्षाला सुमारे ६,००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्याच जिल्ह्यात माण तालुक्याकडे ५०० च्या आसपास. त्यामुळे 'आज साताऱ्यात जोरदार पाऊस' या वाक्याला रोजनिशीतच अर्थ आहे. नोंदवहीत गाव, आळी आणि मोजण्याची जागा हवी.

पर्जन्यमापक घरी करता येतो. तोंडाचा आतला व्यास १५ सेंटिमीटर असलेलं नरसाळं आणि दोन लिटरची बाटली. नरसाळ्याच्या तोंडाचं क्षेत्रफळ १७६.७ चौरस सेंटिमीटर येतं, म्हणून १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १७.७ मिलिलिटर पाणी. साठलेलं पाणी मोजपात्रानं मोजायचं आणि १७.७ नं भागायचं: ४२५ मिली निघालं तर २४ मिमी. बाटलीवर पट्टी चिकटवून उंची मोजू नका. बाटली खाली वर सारखी नसते आणि नरसाळ्याचं तोंड तिच्यापेक्षा मोठं असतं. मोजपात्र शाळेच्या प्रयोगशाळेत असतं तसं २५० मिलीचं घ्यावं; स्वयंपाकघरातला कप या कामाला फार ढोबळ.

दोन लिटरची बाटली साधारण ११३ मिमीला भरते. सातारा शहरात किंवा कोरेगावला एवढ्यावर भागेल, पण महाबळेश्वर, बामणोली, कोयनानगर या पट्ट्यात एका दिवसात त्याहून जास्त पाऊस होतो. तिथे पाच लिटरचा कॅन ठेवावा, तो २८० मिमीपर्यंत पुरतो. बाटली ओसंडलेली आढळली तर '११३' लिहायचं नाही, '११३ पेक्षा जास्त, ओसंडली' असं लिहायचं.

नरसाळ्याचं तोंड जमिनीपासून ३० सेंटिमीटर उंच आणि समपातळीत हवं. खाली माती किंवा गवत असावं; कोब्यावर ठेवलं तर थेंब उसळून आत येतात. भिंत किंवा झाड जितकं उंच, त्याच्या किमान दुप्पट अंतर सोडावं. गच्चीवर ठेवायचा मोह होतो, पण तिथे वारा थेंब नरसाळ्यावरून पुढे नेतो आणि पाऊस कमी भरतो. पान अडकून नरसाळं तुंबणं हा पावसाळ्यातला नेहमीचा दोष, रोज पाहावं.

मोजायची वेळ सकाळी ८.३०, हवामान खात्याचीच. १४ तारखेच्या सकाळी मोजलेलं पाणी १४ तारखेलाच मांडायचं, जरी त्यातला बहुतेक पाऊस १३ च्या दुपारी पडला असला तरी. रोजनिशीत तोच पाऊस १३ च्या पानावर असणार, आणि तो तिथेच बरोबर आहे. दोन वह्या एकमेकींशी एका दिवसानं जुळत नाहीत म्हणून कोणतीही 'सुधारू' नये. खात्याच्या हिशेबात २.५ मिमी किंवा त्याहून जास्त पाऊस झाला तरच तो पावसाचा दिवस. हीच रेषा आपणही धरली तर वर्षाअखेर पावसाचे दिवस मोजताना वाद राहत नाही.

खाली कृष्णाकाठी सांगलीत रोजनिशी आणि नोंदवहीतला हा फरक लोकांच्या अंगवळणी पडला आहे. आयर्विन पुलाजवळ ४० फूट म्हणजे इशारा आणि ४५ म्हणजे धोका, हे शाळकरी मुलंही सांगतात. २०१९ च्या महापुरात पाणी ५७ फुटांवर गेलं. तो आकडा नोंदवहीचा. माडीवर आधी काय चढवलं, शेजारच्या आजींना कोणी उचलून आणलं, हे रोजनिशीचं. एक दुसऱ्याची जागा घेऊ शकत नाही.

वर्षपूर्ती तारखेनं की तिथीनं

रोजनिशीची वर्षपूर्ती तिथीनं केली तरी चालतं. पाडव्याला सुरू केली असेल तर पाडव्यालाच वर्ष भरावं, त्यात एक गोडवा आहे. नोंदवहीला तिथी धरली तर सगळं घसरतं. चांद्रवर्ष सुमारे ३५४ दिवसांचं, म्हणून सण दरवर्षी दहा-बारा दिवस अलीकडे येतात आणि अधिक महिना आला की एकदम पुढे जातात. गणेश चतुर्थी २०२३ साली १९ सप्टेंबरला होती, २०२४ ला ७ सप्टेंबरला, २०२५ ला २७ ऑगस्टला. 'गणपतीत तेरडा भरात' ही नोंद तीन वर्षांत २३ दिवस सरकते आणि तेरडा लवकर आला की गणपती, हे कळायला मार्ग उरत नाही.

शेतकऱ्यांची नक्षत्रं मात्र भरवशाची, कारण ती सूर्यावरून मोजतात. मृग ७-८ जूनला, आर्द्रा २१-२२ जूनला, पुढे पुनर्वसूचा तरणा पाऊस, पुष्याचा म्हातारा, सप्टेंबरअखेर हस्त. दरवर्षी फार तर एखाद्या दिवसाचा फरक. इंग्रजी तारखेशेजारी नक्षत्राचा एक रकाना जरूर ठेवावा. गावातल्या जाणत्या माणसांशी बोलताना तोच उपयोगी पडतो.

पावसाच्या वहीचं वर्ष १ जून ते ३१ मे धरावं. कोयना धरणाचं तांत्रिक वर्ष, म्हणजे पाण्याच्या हिशेबाचं वर्षही १ जूनलाच सुरू होतं, आणि एक अख्खा पावसाळा एका वर्षात बसतो. वही दिवाळीत सुरू केली असेल तर मेअखेरपर्यंतचं अपुरं वर्ष म्हणून वेगळं काढावं आणि पहिली वर्षपूर्ती त्यानंतरच्या ३१ मे ला धरावी.

वर्षपूर्तीच्या दिवशी रोजनिशीचं काम एवढंच की ती वाचायची, हातात पेन न घेता, एका बैठकीत एखादा महिना. जुनं वाक्य आज पटत नसेल तरी बदलू नये. फारच राहवलं नाही तर समासात आजची तारीख टाकून दोन ओळी लिहाव्यात. नोंदवहीला मात्र बसूनच काम करावं लागतं. महिनावार बेरीज, पावसाचे दिवस, सर्वांत मोठा एक दिवस, किती रेघा आल्या तो आकडा, आणि फुलांसाठी एक तक्ता: उभ्या रकान्यात फुलं, आडव्यात आठवडे. एखाद्या महिन्यात दहापेक्षा जास्त रेघा असतील तर त्या महिन्याची बेरीज तक्त्यात धरू नये. वर्षभरात मापक हलवला, नरसाळं बदललं, किंवा परगावी गेल्यावर दुसऱ्या कोणी मोजलं, तर ते तक्त्याखालीच लिहावं. नरसाळं बदलायचंच असेल तर जुनं आणि नवं दोन आठवडे शेजारी ठेवून दोन्हींचे आकडे घ्यावेत.

वही आधीच एकत्र झाली असेल तर

फाडून वेगळी करू नका. पानांना क्रमांक द्या. नवी नोंदवही घ्या आणि जुन्या वहीतले फक्त मोजता येण्यासारखे तपशील तारखेसह तिच्यात उतरवा. शेवटच्या रकान्यात जुन्या वहीचं पान लिहा. 'खूप पाऊस', 'भरपूर फुलं' यांचे आता अंदाजानं आकडे करू नका, ते रोजनिशीतच राहू द्या. त्याच दिवशी न लिहिता दोन-तीन दिवसांनी लिहिलेलं ओळखू येत असेल तर त्या नोंदीपुढे 'आ' लिहा, आठवणीतून या अर्थानं, आणि बेरजेत ती घेऊ नका.

तारखेची शंका असेल तर फोनमधला मूळ फोटो पाहा, त्यात वेळ साठवलेली असते. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेल्या फोटोवर विसंबू नका; त्यावरची तारीख तो पाठवल्याची असते, काढल्याची नव्हे.

उतरवून झाल्यावर जुनी वही रोजनिशी म्हणून पुढे चालू ठेवायला हरकत नाही. नवी नोंदवही फिरताना न्यायची असेल तर तिच्यात जेल पेन वापरू नका, कासच्या धुक्यात शाई पसरते; एचबी पेन्सिल आणि झिपची प्लॅस्टिक पिशवी पुरते. रोजनिशीला पेन्सिल नको, समोरासमोरची पानं घासून दोन-चार वर्षांत अक्षर पुसट होतं. पावसाळ्यात दोन्ही वह्या भिंतीला टेकवून ठेवू नयेत, कसर आणि बुरशी भिंतीकडूनच सुरू होते.